२१४ नंतर ९७

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सोलापुरात माझ्या कोलाजचे आणि चित्रांचे प्रदर्शन तीन दिवस भरले होते. १७ कोलाज आणि ९ चित्रे, अशी एकूण २६ कामे त्यात मांडली होती. त्याविषयी लिहायला मी मुद्दाम दोन महिने घेतले, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे जे घडले त्याचा पुढचा भाग माझ्या घरातील टेबलावर हळूहळू उलगडत होता आणि तो हाती येईपर्यंत लिहिणे मला अर्धवट वाटत होते.

आधी साहित्याविषयी सांगते. माझ्या बहुतेक कोलाजमध्ये जेकार्डची जुनी कार्डे आहेत. सोलापुरी चादरीवरचा मोर, कमळ किंवा वेलबुट्टी मागावर उमटते ती जाड पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना पाडलेल्या भोकांमुळे. कापडातील प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक कार्ड असते. कार्डाला जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डे दोरीने एकामागे एक ओवलेली असतात आणि त्यांची माळ मागाच्या माथ्यावर फिरत राहते. फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती आहे. पण आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या तोंडी 'जेकार्ड' हा शब्द इतका रुळलेला आहे की ते एका फ्रेंच माणसाचे आडनाव असल्याचे मला चित्रकलेचे शिक्षण घेताना प्रथम कळले.

माझे वडील अशाच एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहीत असत. एखादे डिझाइन बंद झाले की त्याची कार्डे रद्दीत जात आणि त्यांतली थोडी आमच्या घरी येत. आई त्या कार्डांनी शेगडीला वारा घालत असे, आणि वीज गेली की आम्ही भावंडे ती कंदिलासमोर धरून भिंतीवर पडणारे उजेडाचे ठिपके मोजत बसत असू. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मी पुष्कळ संकल्पचित्रे रंगवली, परंतु आकार आणि मोकळी जागा यांचे नाते मला त्या भिंतीवरच्या ठिपक्यांनी अधिक शिकवले, असे आज मागे वळून पाहताना वाटते. आता बऱ्याच कारखान्यांत संगणकावर चालणारे जेकार्ड आले आहे आणि पुष्कळ जुने माग बंद पडले आहेत. कार्डे रद्दीच्या दुकानात किलोवर मिळतात. तीन वर्षांपूर्वी मी दोन पोती भरून ती आणली.

ही कार्डे चिकटवणे सोपे नाही. त्यांना वर्षानुवर्षांचे वंगण लागलेले असते आणि भोकांच्या कडांना कापसाचे तूस चिकटून बसलेले असते, त्यामुळे प्रत्येक कार्ड कोरड्या ब्रशने झाडून, तेलकट भाग ब्लॉटिंग पेपरात दाबून मगच घ्यावे लागते. मी गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरते आणि तिच्यात, जुने पुस्तकबांधणी करणारे घालत तसा, किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालते. विणण्याआधी ताण्याला पाजणी करतात, म्हणजे मागावर घासून उभे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ पाजून ताठ करतात. त्यामुळे आमच्या गल्लीत खळ शिजल्याचा वास हा कामाचाच वास होता, आणि कोलाज करताना पातेल्यात खळ घट्ट होऊ लागली की मला आजही कारखान्याचे दार आठवते.

आपल्या उन्हाळ्याचा या कामावर मोठा परिणाम होतो. पारा ४२-४३ अंशांवर गेला की खळ लावता लावता सुकते आणि कागद एका बाजूने वर उचलला जातो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी पहाटे साडेचार ते सात एवढाच वेळ चिकटवण्याचे काम करते. आधाराच्या पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला कागद लावला तर तो सुकताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला बाक आणतो. यावर उपाय एकच, मागच्या बाजूलाही तितकाच कागद तशाच खळीने लावायचा. माझ्या प्रत्येक कोलाजच्या मागे असा एक कोरा, कोणालाही न दिसणारा कागद आहे. कार्डांच्या जोडीला मी लग्नपत्रिका घेते, कारण मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही लिप्या आमच्याकडे एकाच गल्लीतील पत्रिकांमध्ये सापडतात. वर्तमानपत्राचा कागद मात्र मी सोडून दिला आहे. त्यात लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य तसेच राहिलेले असते, त्यामुळे उजेडात तो काही महिन्यांत पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो.

कोलाज म्हणजे चित्र काढता न येणाऱ्यांची सोय, असे मला अनेकदा ऐकावे लागते आणि मला ते मुळीच मान्य नाही. १९१२ मध्ये पिकासो यांनी खुर्चीच्या वेताची वीण छापलेले मेणकापड आपल्या चित्रात चिकटवले आणि त्याच वर्षी ब्राक यांनी लाकडाच्या रेषांची नक्कल असलेला भिंतीचा कागद कापून रेखाटनात बसवला, तेव्हा दोघेही उत्तम रंगवणारे होते. बाजारात दुसऱ्याच कामासाठी तयार झालेली वस्तू चित्रात आली की ती आपले आधीचे आयुष्य सोबत घेऊन येते, हे त्यांना पाहायचे होते. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांनी शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गेल्यावर कागद कापून आणि बोटांनी चाचपून जी कामे केली, त्यांना सोय म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आणि विणकामाचा संबंध तर आपल्या घरचाच आहे: चित्रकार प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षे नोकरी केली होती. त्यांच्या चित्रांतील वस्तूंमधली ती शांत, मोजून ठेवलेली अंतरे पाहताना मला नेहमी ही गोष्ट आठवते, मग तो संबंध माझ्या मनाने जोडलेला का असेना.

प्रदर्शनाच्या तयारीविषयी फार लिहीत नाही. सभागृह लहान होते, ट्यूबलाइटचा उजेड काचांवर चमकत होता आणि तो टाळण्यासाठी आम्ही पहिल्या दिवशी सकाळी सगळी चित्रे थोडी पुढे झुकवून टांगली. काच आणि कागद यांच्यामध्ये पट्टी घालून अंतर ठेवायला सांगूनही दोन फ्रेम तशाच आल्या होत्या, त्या परत उघडाव्या लागल्या. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असल्यामुळे संध्याकाळी होम मैदानाकडे निघालेली कुटुंबे वाटेत आत डोकावत होती. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे चित्रकलेचा विषय निघाला की कोणीतरी चित्रकार एम. एफ. हुसेन तिथे १९१५ मध्ये जन्मले होते याची आठवण काढतो, तशी याही वेळी काढली गेली आणि मला त्याचा आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास पांढरा सदरा आणि लुंगी नेसलेले एक वृद्ध गृहस्थ आत आले. इतर चित्रांकडे त्यांनी ओझरते पाहिले आणि सर्वांत मोठ्या कोलाजसमोर, ज्यात मी २३ अखंड कार्डे उभी लावली होती, ते जवळजवळ पंधरा मिनिटे थांबले. त्यांचे डोळे काचेच्या अगदी जवळ होते आणि ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वळून विचारले, "काय ओ ताई, २१४ नंतर ९७ कसं आलं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी बोट ठेवून दाखवले. प्रत्येक कार्डाच्या टोकाला शाईने आकडा लिहिलेला असतो, तो मी अर्थातच पाहिला होता, किंबहुना ती फिकट जांभळी शाई मला आवडली म्हणून तो भाग मी झाकला नव्हता. पण कार्डे लावताना मी क्रमाचा विचार न करता भोकांची दाटी आणि पुठ्ठ्याचा रंग एवढेच पाहिले होते. "आणि हे तर उलटं लागलंय," ते म्हणाले. "असं कापड विणलं जाईल काय? धागेच लटकतील सगळे."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, काळजी होती. आयुष्याची ३५ वर्षे त्यांनी कार्डे पाडण्याचे काम केले होते: चौकोनांच्या कागदावर रंगवलेला डिझाइनचा ग्राफ समोर ठेवायचा, त्यातील एक ओळ वाचायची आणि ती कार्डावर आठ-आठ भोकांच्या रांगांत उतरवायची. मी त्यांना अण्णा म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी ते आपणहून पुन्हा आले आणि काउंटरच्या खुर्चीवर बसून, मी सोबत आणलेल्या सुट्या कार्डांवरून, ग्राफवरून कार्ड पाडतात तसे कार्डावरून ग्राफ परत कसा वाचायचा ते त्यांनी मला शिकवले. कार्ड कोणत्या बाजूने धरायचे, मोजणी कोणत्या टोकाकडून सुरू करायची आणि टोकाची कोणती भोके फक्त कार्ड जागेवर बसवण्यासाठी असतात, हे कळायलाच मला दोन तास लागले. आकड्यांशेजारी असलेल्या एका छोट्या खुणेवरून त्यांनी सांगितले की ही सगळी एकाच डिझाइनची कार्डे आहेत. आडवा धागा एकाच रंगाचा आहे, म्हणून एक कार्ड म्हणजे सरळ एक ओळ, असेही ते म्हणाले.

त्यानंतरचे दोन महिने मी तेच केले. पोत्यांतून त्या खुणेची कार्डे वेगळी काढली, भिंतीवरच्या मोठ्या कोलाजमधील कार्डे काचेवरून वाचली, आणि १ ते २४० पैकी १३१ ओळी हाती आल्या. दोन मिलिमीटरच्या चौकोनांचे ग्राफ पेपर जोडून ८० सेंटिमीटर रुंद आणि ४८ सेंटिमीटर उंच असा कागद तयार केला, कारण प्रत्येक ओळीत ४०० घरे होती, आणि शून्य नंबरच्या ब्रशने, निळ्या रंगात, भोक असेल तिथे घर भरत गेले. एका ओळीला साधारण वीस मिनिटे लागत. पहिल्या चाळीस ओळींत फक्त किनार होती. त्यानंतर दोन पाय दिसू लागले, मग पिसाऱ्याचे डोळे, आणि एका रविवारी दुपारी मी टेबलापासून चार पावले मागे सरकले तेव्हा तो मोर असल्याचे स्पष्ट दिसले.

त्याला मान आणि डोके मात्र नव्हते. १५० ते १९० या आकड्यांमधील कार्डे जवळपास सगळीच गायब होती, आणि ती कुठे गेली हे मला ठाऊक होते. सुरुवातीच्या वर्षी, अखंड कार्डे वापरण्याचे सुचण्यापूर्वी, मी ती कात्रीने त्रिकोणी कापून लहान कोलाजमध्ये वापरली होती. त्यांतील चार कोलाज याच प्रदर्शनात विकले गेले. त्या तुकड्यांवरून ओळ पुन्हा जुळवता येत नाही. मी माझ्याजवळ असलेल्या छायाचित्रांवरून प्रयत्न करून पाहिला. ज्याला मी केवळ पोत असलेला पुठ्ठा समजत होते त्यात एका पक्ष्याची मान होती, आणि ती माझ्याच हाताने कापली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मागच्या आठवड्यात अण्णांना घरी बोलावले. त्यांनी चहा बाजूला ठेवून आधी ग्राफ पाहिला, बोटाने खालून वर ओळी मोजल्या, दोन ठिकाणी माझी चूक काढली आणि मग कोऱ्या राहिलेल्या पट्ट्यावर बोट टेकवून म्हणाले, "चोच हितं असणार, डावीकडं तोंड." त्यांनी असे अनेक मोर पाडलेले आहेत, त्यामुळे मी विचारले की त्यांनी सांगितले तर ती जागा भरून घेऊ का. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"कार्ड नाही तर धागा कसा उचलायचा, ताई?"

त्या ओळी मी कोऱ्याच ठेवल्या आहेत. त्यांनी काढलेल्या दोन चुका दुसऱ्या दिवशी पहाटे दुरुस्त केल्या आणि ग्राफच्या मागच्या बाजूला, त्याला बाक येऊ नये म्हणून, तेवढ्याच मापाचा कागद लावून तो वजनाखाली ठेवला आहे. पुढच्या प्रदर्शनात तो मोठ्या कोलाजच्या शेजारी टांगायचा आहे. त्या कोलाजमध्ये २१४ नंतर ९७ तसेच राहील.