गिरणीवाल्या अण्णांच्या कॅप्सूल

अण्णांची पिठाची गिरणी माझ्या दवाखान्यापासून चार दुकानं सोडून. आमचं दळण वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच, त्यामुळे त्यांचा खोकला मी तपासण्याआधीच ऐकून होतो. चक्कीच्या घरघरीवर मात करणारा.

तीन वर्षांत दोन एक्स-रे झाले होते, थुंकी तपासून झाली होती, खोकल्याच्या बाटल्या तर मोजण्यापलीकडे. टीबी नाही एवढंच सगळे सांगत. भर दुपारी मी स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ. दमा असाच चकवतो. पहाटे तीनला उठवून बसवतो आणि दवाखान्यात येईपर्यंत पसार होतो. निघता निघता वहिनी म्हणाल्या, "लेकीकडे गेलो की चार दिवस खोकत नाहीत हे. सोमवारी गिरणी बंद असते, त्या रात्री पण झोपतात."

माझे कान टवकारले. गव्हाच्या पिठाची ॲलर्जी होऊन श्वासनळ्या सुजतात, आकसतात. बेकरीत काम करणाऱ्यांमध्ये हा दमा फार जुना. स्पायरोमेट्री केली, म्हणजे जोरात फुंकायला लावून हवा मोजली. पहिल्या सेकंदात १.९ लिटर हवा बाहेर आली, श्वासनळ्या उघडणारं साल्ब्युटामॉल देऊन १५ मिनिटांनी २.३. वाढ २०० मिली आणि १२ टक्क्यांच्या वर गेली की कौल दम्याकडे झुकतो. इथे ती ४०० मिली होती. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल या दम्याच्या औषधाच्या, छोट्या मशीनमधून ओढायच्या कॅप्सूल लिहून दिल्या. सोबत फुंकेचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर दिला (आकडा जितका मोठा तितक्या नळ्या मोकळ्या) आणि सांगितलं, दिवसातून चारदा फुंकून आकडा वहीत लिहायचा.

तीन आठवड्यांनी वही आली. मुलाचं सुरेख अक्षर. गिरणी चालू असलेल्या संध्याकाळी २८०, २९०. सोमवारी ३८०. लेकीकडे ४२०. मी इतका खूश झालो की वही कंपाउंडरलाही दाखवली. अण्णा मात्र शांतच. "डॉक्टरसाहेब, तुमच्या गोळ्यांनी काही फरक नाही बघा. पोटात गरम पडतंय नुसतं."

पोटात?

"अण्णा, कशा घेता? दाखवा बरं."

त्यांनी पिशवीतून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली, टेबलावरचा माझाच तांब्या उचलला आणि घटाघट पाणी प्यायले.

"आणि कॅप्सूल ओढायचं मशीन?"

"ते होय? नातू शिट्टी म्हणून वाजवतोय."

चूक माझी. निदानाच्या नादात मशीन हातात घेऊन दाखवायचं राहून गेलं होतं. आणि मी तर डोस वाढवायला निघालो होतो! त्या दिवशी बाहेर बारा पेशंट ताटकळत असताना आम्ही तालीम केली. कॅप्सूल बसवायची, फोडायची, श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून जोरात ओढायचं. आत कॅप्सूल फर्रकन फिरली पाहिजे. दहा सेकंद दम धरायचा, नंतर चूळ भरायची. पहिल्या दोन वेळा अण्णांनी ओढायच्या ऐवजी फुंकलं. पावडर माझ्या शर्टावर.

पिठापासून पूर्ण लांब राहणं हाच खरा इलाज, तेही सांगितलं. पण पन्नाशीत गिरणी सोडून जाणार कुठे? आता चक्कीवर मुलगा उभा राहतो, पीठ पडतं तिथे लांब कापडी नळी बांधलीय, झाडूऐवजी ओलं फडकं फिरतं, आणि अण्णा बाहेर वजनकाट्याशी मास्क लावून बसतात. दीड महिन्याने कामाच्या संध्याकाळचा आकडा ३९० होता.

नातवाला नवी शिट्टी आणून द्यावी लागली. ती मी दिली.