रिमोट स्टार्टवर इंजिन चालू, स्टीरिओ बंद: ॲक्सेसरीच्या एका वायरीचं काम

गाडी ऑटोमॅटिक गिअरची पेट्रोल हॅचबॅक, चावी फिरवून सुरू होणारी. रिमोट स्टार्टर आधीपासून आहे आणि नीट चालतो. कंपनीचा स्टीरिओ काढून अँड्रॉइडचा बसवला आणि अडचण सुरू झाली. वरून बटण दाबलं की खाली पार्किंगमध्ये इंजिनाबरोबर स्टीरिओही उठतो, रात्री ज्या आवाजावर थांबला होता त्याच आवाजात. एप्रिल-मे महिन्यात पुण्याच्या उन्हात उभी गाडी बसण्याआधी थंड करायची, एवढ्यासाठी रिमोट स्टार्ट आहे. त्यात ब्लोअर हवा, एसी हवा, गाणी नकोत.

कारण साधं आहे. चावी फिरवल्यावर ज्या वायरींत करंट येतो, त्याच वायरींत रिमोट स्टार्टर करंट सोडतो. स्टीरिओच्या लाल वायरीला १२ व्होल्ट चावीने दिले की मॉड्यूलने (रिमोट स्टार्टरच्या डब्याने), हे कळायला मार्ग नाही. मॉड्यूलची ॲक्सेसरीची (चावीच्या पहिल्या टप्प्यावर जिवंत होणारी) जाड वायरच काढून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. ज्या गाडीत ब्लोअर त्या फांदीवर आहे, तिथे इंजिन दहा मिनिटं चालेल आणि गाडी गरमच राहील. तोडायची ती फक्त स्टीरिओकडे जाणारी शेवटची फांदी, तीही रिमोटवर इंजिन चालू असेपर्यंतच. हे काम रिले करतो, म्हणजे कॉइलला करंट दिला की आपोआप फिरणारा स्विच.

शनिवार सकाळ, मोजणी.

स्टीरिओच्या बाजूचे रंग बहुतेक ठिकाणी सारखे असतात: पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल ॲक्सेसरी, काळी अर्थ (बॅटरीची मायनस), निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करणारी. गाडीच्या बाजूच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर लावून चावीच्या चारही स्थितींत मोजा: बंद, ॲक्सेसरी, ऑन आणि सेल्फ मारताना. जी वायर ॲक्सेसरीला आणि ऑनला १२ व्होल्ट दाखवते पण सेल्फ मारताना शून्यावर येते, ती आपली. जी ॲक्सेसरीला मेलेली, ऑनला जिवंत आणि सेल्फ मारतानाही जिवंत राहते, ती इग्निशन. घाईत ती लाल वायरीला जोडली, तर सेल्फच्या वेळी व्होल्टेज १० च्या आसपास घसरतं आणि स्टीरिओ अर्धवट उठून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मॉड्यूलच्या कपलरमध्ये एक बारीक वायर असते, जी रिमोटवर इंजिन चालू असेपर्यंत अर्थ देते. तपासायला मीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लसला आणि काळी काडी त्या वायरीला लावायची. रिमोटवर १२ च्या वर आकडा दिसला आणि चावीवर शून्य, म्हणजे हीच. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर लावायचाच नाही.

सामान: १२ व्होल्टचा पाच पिनांचा रिले, त्याचं वायरवालं सॉकेट, १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) एक, १ चौरस मिलिमीटरची वायर दोन मीटर, २ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), कापडी टेप. रिले आणि सॉकेट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, बाकीचं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत. रिले घेताना त्याच्या अंगावरची आकृती बघून घ्या, पिनांचे नंबर तिथे असतात: ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३०, ८७ आणि ८७ए स्विचच्या. पाच पिनांच्या काही रिलेंमध्ये दोन्ही पिना ८७ च असतात, ८७ए नसतेच. तो रिले या कामाला निरुपयोगी आहे.

दुपार, जोडणी.

आधी बॅटरीची मायनस काढली. गाडीकडून येणारी ॲक्सेसरी ८७ए ला. ३० वरून स्टीरिओची लाल. ८५ ला मॉड्यूलची अर्थ देणारी वायर. ८६ ला कायम १२ व्होल्ट, स्टीरिओच्या पिवळ्यावरून, मध्ये फ्यूज घालून. डायोड ८५ आणि ८६ च्या मध्ये, पट्टी ८६ कडे. डायोड उलटा बसला तर कॉइल बाजूलाच राहते आणि बॅटरीचा करंट त्याच्यातून सरळ मॉड्यूलच्या नाजूक आउटपुटमध्ये घुसतो. फ्यूज उडण्याआधी ते आउटपुट जळू शकतं, म्हणून सोल्डर करण्याआधी पट्टी दोनदा बघा.

८७ए वर जोडण्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. रिले झोपलेला असताना ३० आणि ८७ए आपोआप जुळलेले असतात. रोज चावीने गाडी चालवताना कॉइल करंट खात नाही, आणि उद्या कॉइल जळली किंवा मॉड्यूल काढून टाकलं तरी स्टीरिओ चालतच राहतो.

८६ ला ॲक्सेसरी जोडूनही काम होतं, पण एक खोट राहते. मॉड्यूलने ॲक्सेसरीत करंट सोडला की त्याच क्षणी कॉइल ओढायला लागते आणि संपर्क तुटेपर्यंत काही मिलिसेकंद स्टीरिओला करंट मिळतो. डिकीत अँप्लिफायर असेल तर स्पीकरमधून ‘धप्प’ येऊ शकतो. कायम १२ व्होल्टवर, मॉड्यूलने ॲक्सेसरीत करंट सोडण्याआधी अर्थ दिला तर रिले अगोदरच उघडलेला असतो.

अशा रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८५ ते ९० ओहम. इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर तो सुमारे १६० मिलिअँपिअर घेतो. मॉड्यूलच्या पुस्तिकेत त्या आउटपुटची मर्यादा बघा. इमोबिलायझरचा (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचा) बायपासही बहुधा याच वायरीवर असतो, तेव्हा दोघांची बेरीज धरायची. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर बायपासला पक्का अर्थ मिळत नाही, आणि इंजिन सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडतं. मग माणूस उगाच इमोबिलायझरच्या मागे लागतो.

कॅनवर (गाडीतल्या भागांमध्ये संदेश नेणाऱ्या वायरींवर) चालणाऱ्या गाडीत स्टीरिओच्या कपलरला ॲक्सेसरीची वायर सापडतच नाही. स्टीरिओबरोबर येणारा कॅनचा डबा गाडीचे संदेश वाचून ती तयार करतो. तिथे रिले डब्याच्या पुढे, डब्यातून निघणाऱ्या लाल वायरीवर घालायचा.

जोड सोल्डर केले, हीट श्रिंक चढवली, वर कापडी टेप. साधी पीव्हीसी टेप डॅशमागे उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. रिले ग्लोव्हबॉक्सच्या मागे, पिना खाली करून, फोमचा तुकडा लावून बांधला.

रविवार, चाचणी.

रिमोटवर इंजिन चालू: ब्लोअर चालू, एसी चालू, स्टीरिओ बंद. आत बसून चावी ऑनला नेली, ब्रेक दाबला, मॉड्यूल बाजूला झालं, रिले ‘टिक’ झाला आणि स्टीरिओ उठला. ब्रेक दाबण्याआधी तो गप्प राहतो, तो दोष नाही. अँप्लिफायरची चालू करणारी वायर स्टीरिओच्या निळ्या-पांढऱ्यावरच हवी. कुणी ती सरळ ॲक्सेसरीवर जोडली असेल, तर स्टीरिओ बंद असूनही अँप्लिफायर जागा राहतो आणि स्पीकर घुंई करत राहतात.

चालू ठेवायची वेळ दहा मिनिटांवर ठेवली आहे. बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये रिमोट स्टार्ट वापरू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो. रस्त्यावरही नको: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी चालकाच्या सीटवर परवानाधारक नसताना इंजिन चालू ठेवून गाडी उभी करता येत नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीत न्यूट्रलची खात्री करणारी पद्धत मॉड्यूलमध्ये नसेल, तर हा उद्योगच करू नये. गाडी गिअरमध्ये राहिली तर सेल्फवरच पुढे सरकते.

राहिलं डॅशकॅमचं. त्याची वायर आधी स्टीरिओच्या लालवरून घेतलेली होती, म्हणजे आता ३० च्या बाजूला. त्यामुळे गाडीत कुणी नसताना इंजिन चालू असतं, तेव्हाच कॅमेरा बंद. ती वायर ८७ए च्या बाजूला हलवली, वेगळा २ अँपिअरचा फ्यूज घालून.