हॅवॉक करत नाहीत

तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्या बेडरूमचं छत गळायला लागलं. वरच्या मजल्यावर तोंडी सांगून झालं, मग सोसायटीला अर्ज. इंग्रजीत लिहिलं की अर्जाला वजन येतं, या जुन्या समजुतीने मी ठोकून दिलं की पाण्याने आमच्या घरात 'मेड हॅवॉक', म्हणजे धुमाकूळ घातला. आमचे सेक्रेटरी इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. दोन दिवसांनी अर्ज परत आला. 'मेड' लाल शाईने खोडलेलं, वर बारीक अक्षरात 'रीक्ड' (wreaked). म्हणजे हॅवॉक 'मेक' करत नाहीत, 'रीक' करतात. गळतीबद्दल अवाक्षर नाही.

या 'रीक'ला मी जन्मभर 'व्रीक' म्हणत आलो होतो. त्यातला डब्ल्यू मुका असतो, हे कळायला छत गळावं लागलं. एकेकाळी या क्रियापदाचा अर्थ होता सूड उगवणे. आता ते हॅवॉक आणि व्हेन्जन्स (सूड) सोडून फारसं कुणाच्या घरी जात नाही. हॅवॉकचं कूळ तर त्याहून भारी. ती मुळात जुन्या फ्रेंचमधून आलेली रणांगणातली आरोळी. ती ऐकू आली की सैन्याने शिस्त सोडून लुटायला सुटायचं. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डने १३८५ साली लष्कराला जे नियम घालून दिले, त्यांत ही आरोळी ठोकणाऱ्याचं मुंडकं उडवायची शिक्षा होती. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातला अँटनी म्हणतो की सीझरचा आत्मा येऊन 'हॅवॉक' ओरडेल. आणि मी तो शब्द भिंतीच्या ओलीला वापरला होता.

पण सेक्रेटरींवर चिडायला मला तोंड नाही. कॉन्व्हेंटमधली भाची परवा 'माकडांनी धुमाकूळ केला' म्हणाली, तर मी घास तोंडात असताना 'घातला!' म्हणून ओरडलो. का, ते सांगता येईना. धुमाकूळ घालायचा, हाहाकार माजायचा, धुव्वा उडायचा, वाट तेवढी लागायची. राखरांगोळी झाली म्हणताना त्यातली रांगोळी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. 'बेचिराख'मध्ये मला कितीतरी वर्षं राखच दिसायची. ती त्यात नाहीच. शब्द फारसी, बे-चिराग. दिवा नसलेलं. गाव जळालं असेल, नसेलही. तिन्हीसांजेला दिवा लावायला तिथे माणूस उरलेलं नाही, एवढंच तो शब्द सांगतो. इंग्रजीतल्या 'टोटल डिस्ट्रक्शन'पुढे हे किती हळू बोलणं!

इंग्रजीतली अशी ठरलेल्या शब्दांची सगळ्यात काटेकोर जोडी कायद्यात सापडते, 'ग्रीव्हस हर्ट'. मराठीत जबर दुखापत. १८६० च्या दंडसंहितेने तिचे आठ प्रकार मोजून दिले होते. दृष्टी जाणं, बहिरेपण, अवयव गमावणं अशी भयंकर यादी वाचत सातव्यावर यावं, तर हाड मोडण्याच्या शेजारी दात! मारामारीत दात पडला की दुखापत जबर. आठव्या प्रकारात वीस दिवस तीव्र वेदना हीही एक कसोटी होती. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेने ते पंधरा दिवसांवर आणलं. वेदना त्याच, पाच दिवस आधी जबर होतात.

'कोलॅटरल डॅमेज' मात्र मला आवडत नाही. बॉम्ब टाकायचा होता पुलावर, बाजूला माणसं मेली, तर त्या मरणाला सैन्याच्या कागदावर हे नाव. कोलॅटरल म्हणजे बाजूबाजूचं. बँकेत हाच शब्द तारणाला वापरतात, त्यामुळे तो ऐकला की मला आधी कर्जाचा फॉर्म दिसतो, माणसं नंतर. बहुधा त्यासाठीच निवडला असावा.

छत अजून गळतं. यंदा शहाणपणाने मराठीत अर्ज दिला, एका ओळीचा: 'छत गळतंय.' तोही परत आला. 'गळतंय' खोडून 'गळत आहे' केलं होतं.