१६२० बाळंतिणी

आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावात निम्म्या लोकांची नाळ कापली असेल. सरकारी कागदावर त्यांचं नाव कुठंच नाही. रात्री-अपरात्री कोणी दारात आलं की आत्ती पदर खोचून निघायच्या. आता पाय साथ देत नाहीत, पण तोंड शाबूत आहे. मी आशा कार्यकर्ती, गावात सरकारी आरोग्याचं काम करणारी. एका घरात जुनी सुईण आणि नवी आशा, त्यामुळं भांडणाला विषय कधी कमी पडत नाहीत.

धाकटी बी.एस्सी. नर्सिंग करते. सुट्टीला आली तेव्हा बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा अभ्यास चालला होता. मध्येच ओरडली, "आई, हे तर आपल्या बेळगावातलं!"

झालं होतं असं. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक मोठा अभ्यास झाला. पैसा प्रामुख्यानं अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा, काम आपल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांचं, आणि गोळी द्यायला खेड्यापाड्यातल्या सिस्टर. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका. निम्म्यांना मूल जन्मल्यावर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाची ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा तोंडानं दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं ते औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत शंभरात बारा जणींचं, आणि औषध घेतलेल्यांत साधारण सहा जणींचं. निम्म्यानं कमी. २००६ मध्ये ते 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी या कामासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घातली.

आत्तींना आकड्यांचं काही नाही. त्यांनी विचारलं, "रक्त मोजलं कसं ग?"

या प्रश्नावर आमची संध्याकाळ गेली. धाकटीनं मोबाईलवर चित्र काढून दाखवलं. मूल बाहेर आलं, पाणी वाहून गेलं की बाईच्या कमरेखाली प्लास्टिकचा कागद सरकवायचा, नाड्या पोटावर बांधायच्या. कागदाचं खालचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं, त्याला पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. रक्त आपोआप त्यात उतरतं. रेघ वाचायची, बस्स. बेळगावातच त्यांनी ताडून पाहिलं, तर नुसत्या नजरेनं अंदाज करणाऱ्यांचा आकडा खऱ्या रक्ताच्या एक तृतीयांशानं कमी भरत होता.

"आम्ही लुगडी बघायचो," आत्ती म्हणाल्या. "एक भिजलं, दोन भिजली. पर मुरलेलं दिसतंय व्हय? वार पडली, अंगावरनं जाणं थांबलं असं वाटायचं, आणि बाई पांढरीफटक." मग त्यांनी एका बाईचं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही.

अशीच पिशवी पुढं आफ्रिकेतल्या चार देशांत, दोन लाखांवर बाळंतपणांच्या एका मोठ्या अभ्यासात वापरली गेली. पिशवी आणि वेळेत सगळे उपचार एकदम, अशी ती पद्धत. २०२३ मध्ये त्याचा निकालही मोठा लागला.

पण आत्ती तिथंच अडून बसल्या. "ज्यांना खोटी गोळी दिली, त्यांचं काय?" धाकटीनं समजावलं, तेव्हा घरच्या बाळंतपणात असं औषध सहसा कोणी देतच नव्हतं, शिवाय सिस्टर शेजारी होती, जास्त झालं तर मोठ्या दवाखान्यात हलवायची सोय ठेवली होती. मला पटलं. आत्तींना अर्धं पटलं, आणि त्यांचं अर्धं न पटणं मला बरोबर वाटतं. कुणाला तरी विचारायलाच पाहिजे.

माझा राग वेगळा आहे. मी सर्व्हेवाल्यांबरोबर दारोदार फिरलेय. बोटाला टोचायचं, हिमोग्लोबिन बघायचं, टॅबमध्ये भरायचं, चहा पिऊन जायचं. पुढं बायका मला विचारतात, "ताई, ते रक्त नेलं त्याचं काय झालं?" मला कोण सांगतंय? गर्भारपणातली ॲस्पिरीनची छोटी गोळी (२०२०) आणि कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस (२०२३), या दोन्ही मोठ्या अभ्यासांत बेळगावच्या बायका होत्या. हेही मला पोरीकडून कळलं. ज्यांच्या अंगावर अभ्यास झाला त्यांना एक पानभर निकाल, मराठीत आणि कन्नडमध्ये, पाठवायला काय जातं? छापील नसला तरी चालेल, मी तोंडी सांगते.

तसंच केलं. आरोग्य दिनाला तायी कार्ड, म्हणजे गर्भारणीचं नोंदणी कार्ड, भरता भरता सांगून टाकलं. एका गर्भारणीनं लगेच विचारलं, "मग मला ती गोळी देणार?" म्हटलं, तू दवाखान्यात जाणार, तिथं इंजेक्शन आहे. पण ते इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, गोळीला फ्रीज लागत नाही. आणि भीमगडच्या जंगलातल्या आमगाव-गवाळीकडं पावसात ओढे भरले की पेशंट खांद्यावरून आणावा लागतो. तिथं वाटेतच बाळंत झाली तर?

म्हणून मीटिंगमध्ये डॉक्टरांना विचारलं, पावसाळ्याआधी आतल्या उपकेंद्रांत ही गोळी ठेवता येईल का. म्हणाले, अर्ज द्या, वर पाठवतो. अर्ज कन्नडमध्ये हवा. धाकटी लिहून देणार आहे, परीक्षा झाली की.