तुम्ही विचारलंत म्हणून: जीप चित्रातनं आली काय?

"सर, जीप म्हणजे चित्रातलं जनावर म्हणतासा, खरं हाय काय?" बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात मी शिकवतो, आणि वर्गात जुन्या कॉमिक्समधल्या शब्दांबद्दल बोलतो. ते घरी पोचतं आणि पालक भेटले की हेच विचारतात.

बहुतेक खरं आहे. कार्टूनमधला खलाशी पॉपाय ज्या चित्रमालिकेतला, त्याच मालिकेत एल्झी सेगर यांनी 1936 मध्ये यूजीन नावाचं एक जनावर आणलं. ते ऑर्किडची फुलं खायचं, भिंतीतून आरपार जायचं, हवं तेव्हा गायब व्हायचं आणि बोलायचं एवढंच: "जीप!" पुढे अमेरिकन लष्करासाठी बँटम, विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी फोर व्हील ड्राइव्हची छोटी गाडी बनवली. चिखल असो, चढ असो, ही त्या यूजीनसारखी कुठंही घुसायची. 1941 पर्यंत तिचं जीप हे नाव अमेरिकन वर्तमानपत्रांत छापून येऊ लागलं होतं.

'जनरल पर्पज', म्हणजे सगळ्या कामांची, याच्या 'जीपी'वरून जीप झालं, असंही सांगतात. पण फोर्डच्या गाडीच्या 'जीपीडब्ल्यू' या मॉडेलच्या नावातला जी म्हणजे सरकारी गाडी, पी म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं 80 इंचांचं अंतर आणि डब्ल्यू म्हणजे विलीसचा नमुना. शिवाय लष्करी बोलीत नव्या रंगरुटालाही जीप म्हणत. 'बहुतेक' म्हणालो ते यासाठी.

मला मात्र खरी गंमत वाटते ती आपल्याकडच्या जीपची. खानापुरात क्लीनर "नंदगड, नंदगड!" ओरडतो. समोर उभी असते ट्रॅक्स नावाची दुसरीच गाडी, पण म्हातारी नातवाला म्हणते, "चल बाळा, जीप भरायली." इथं जीप म्हणजे माणसं भरली की सुटणारी गाडी. कंपनी कुठलीही असो, फोर व्हील असो वा नसो. हा अर्थ आपल्या लोकांनी घडवलाय, आणि मला तो अमेरिकेतल्या अर्थाइतकाच अस्सल वाटतो.

पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: "मग गुंडा पण तिकडच्या 'गून'वरनंच काय?" कर्नाटकात गुंडांना आवरणाऱ्या 1985 च्या कायद्याला सगळे 'गुंडा ॲक्ट' म्हणतात, त्यामुळे हा शब्द पेपरात सारखा दिसतो. सेगर यांच्याच चित्रांत 1933 मध्ये ॲलिस नावाची केसाळ, धिप्पाड 'गून' आली. गून हा शब्द त्याआधीही होता, तेव्हा त्याचा अर्थ मठ्ठ माणूस. सेगरमुळे तो घरोघरी गेला आणि त्याच दशकात संप मोडायला आणलेल्या भाडोत्री दांडगटांना चिकटला. ॲलिस बिचारी पुढे तान्हं बाळ सांभाळू लागली, शब्द मात्र दांडगाईकडेच राहिला. तिचा आपल्या गुंड्याशी संबंध नाही. बंगालचा गुंडा कायदा 1923 चा, ॲलिस त्यानंतर दहा वर्षांनी आली. कुणी विचारलं की हे दोन आकडे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो.