उजव्या डोळ्याचा टाका

रामबागेतल्या काकू गाण्याच्या शिकवण्या घेतात. वय ५८. "डोळ्यांखालच्या पिशव्या तेवढ्या काढा, डॉक्टर," एवढंच मागणं. मी खालची पापणी ओढून सोडली. घट्ट पापणी लगेच डोळ्याला चिकटते. काकूंची लोंबतच राहिली, डोळे मिटल्यावर जागी गेली. अशा पापणीची नुसती पिशव्यांमधली चरबी हाताळली तर ती पुढे खाली ओढली जाऊ शकते, डोळा नीट मिटत नाही, सारखं पाणी येतं. म्हणून बाहेरचा कोपराही त्याच वेळी आवळायला हवा, असं सांगितलं.

काकू घाबरल्या. "कोपरा शिवणार? माझे डोळे आईचे आहेत हो."

पुढच्या वेळी त्या आईचा फोटो घेऊन आल्या. ऑपरेशनच्या दिवशी तो मी समोरच्या भिंतीवर चिकटवला.

पापणीच्या आतून छेद घेतला. बाहेर व्रण नको होता. चरबीच्या आतल्या आणि मधल्या गोळ्यांमधून डोळा फिरवणारा एक स्नायू जातो, तिथे हात आपोआप मंदावतो. पूर्वी ही चरबी सर्रास काढून टाकत. काही वर्षांनी डोळे खोल गेलेले दिसत. मी ती हाडाच्या कडेवरून खाली सरकवली, खळगा भरला. मग कोपऱ्यातली कंडरा, म्हणजे पापणीला हाडाशी धरून ठेवणारा पट्टा, सोडवून पापणी थोडी आखूड केली आणि हाडाच्या कडेला आतल्या बाजूने टाक्याने बांधली. बाहेरून बांधली तर पापणी डोळ्यापासून सुटून राहते.

भूल फक्त जागेपुरती होती, म्हणून शेवटी काकूंना उठून बसवलं. आडवं असताना दोन्ही बाजू सारख्या वाटल्या होत्या. आता उजवा कोपरा जेमतेम एक मिलिमीटर वर, तिरका. कोपरा पुढे थोडा उतरतो म्हणून किंचित वर ठेवतातच, पण दोन्हीकडे सारखा. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, छान दिसतंय की." तसे वर खेचलेले डोळे मागायला हल्ली पुष्कळ मुली येतात. पण फोटोतल्या बाईंचे कोपरे किंचित उतरते होते. मी टाका सोडला. पुन्हा बांधायला पंचवीस मिनिटं लागली. काकू शांत होत्या, कुठलीशी बंदिश गुणगुणत होत्या.

दोन महिन्यांनी आल्या तेव्हा सूज गेली होती. आरशाशेजारी त्यांनी तो फोटो धरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"आई मान जरा कलती ठेवायची," त्या म्हणाल्या, आणि स्वतःची मान तशीच कलती केली.