कुर्डीत अनवाणी

मी लग्नांचे फोटो काढते, पण ऐन लग्नसराईतही मेमधला एक दिवस मी कुणालाच देत नाही, कारण कुर्डी तेव्हाच पाण्याबाहेर असते.

गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं हे गाव 1986 साली साळावली धरणात गेलं. माणसं वाडे आणि वालकिणीला उठून गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की सोमेश्वराचं देऊळ, झाडांचे काळे बुंधे, जोती, पायऱ्या असं सगळं भेगाळलेल्या चिखलातून वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकर इथल्याच.

मी तिथे स्वतःचेच फोटो काढते. उभं राहायच्या जागी आधी पाण्याची बाटली ठेवायची, तिच्यावर फोकस धरायचा आणि लेन्स मॅन्युअलवर टाकायची; नाहीतर फोकस मागच्या डोंगरावर पळतो. 10 स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढची प्रकाश अडवणारी काळी काच), आयएसओ 100, एफ 16 असलं की भर उन्हातही 10 सेकंदांचं एक्स्पोजर मिळतं. निम्मा वेळ उभं राहून बाजूला झालं, की आपल्या आरपार मागचे चिरे दिसतात. हॉलमध्ये दिवसभर नवरीच्या मामांचं ‘बाई, जरा सरका’ ऐकून रात्री मला साधारण तसंच वाटत असतं.

यंदा एका जोत्यावर चौथी फ्रेम चालू होती. मागून आवाज आला.

“व्हाणो काड गो बाय. देवाची कूड ती.”

छत्री घेतलेले एक म्हातारे काका. त्यांच्या स्वतःच्या वहाणा खाली, जिथे कधी उंबरठा असेल तिथे, नीट जोडून ठेवलेल्या. देवघर होतं ते. मी ओशाळले. सँडल काढल्या तर चिरा तव्यासारखा तापलेला. काका मात्र निवांत उभे.

“आतां काड फोटो. पूण तूं मात्शी कुशीक सर, घराचो काड.”

म्हणजे इथेही मामा भेटलेच! मी कॅमेऱ्यामागे गेले. “काका, 10 सेकंद हलू नका हं,” म्हटलं आणि बटण दाबलं. पाय जागचे न हलवता ते दाखवत सुटले: हो सोपो, ही रांदचीकूड, हांगा तुळस.

स्क्रीनवर दोन अनवाणी पाय अगदी लख्ख आले होते, नखांतल्या चिखलासकट. गुडघ्यांच्या वर नुसता धुरकट पट्टा आणि त्यातून दिसणारी भिंत. काकांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

“हांव खंय?”

“हललात ना, काका.”

“मगीर घर कशें दाखोवप?”